पट्ट्याखालचा डाग

लोकांच्या कपड्यांवरून त्यांची घरं ओळखणं हे लाँड्रीवालीचं रोजचंच काम होतं, आणि ओळखलेलं पोटात ठेवणं हा तिच्या धंद्याचा धर्म. कुणाच्या कॉलरला लिपस्टिक लागली, कुणाच्या खिशात कुठलं तिकीट राहिलं, तिला सगळं ठाऊक असे. पण गिऱ्हाइकाच्या बायकोसमोर तिच्या तोंडून कधी ब्र निघाला नाही. दुसऱ्याच्या वेळी शहाणं राहणं सोपं असतं. डाग स्वतःच्या नवऱ्याच्या पँटला निघाला, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या कपड्यांवर ग्रीस असायचं, काळं आणि चिवट, आणि लग्न झाल्यापासून ती ते मुकाट्याने घासत आली होती. हा डाग वेगळा होता. पट्ट्याखाली, आतल्या बाजूला, चकचकीत पापुद्रा धरलेला. वास नाही, रंग नाही, आणि नुसत्या पाण्याने निघून गेला. तेल नव्हे, स्टार्च नव्हे, मलमही नव्हे. तिने निकाल देऊन टाकला: हे बायकांचं काहीतरी, केसांना नाहीतर गालांना लावायचं.

"ताई, भावजी हल्ली फारच टापटीप दिसतात हं," शेजारच्या टेबलावर इस्त्री फिरवणारी धाकटी जाऊ म्हणाली. आगीत तेल ओतायला तिला कधी सांगावं लागत नसे.

"दिसू देत की!" लाँड्रीवाली म्हणाली, आणि एका परक्या शर्टाची बाही जाळून बसली.

जावेला कुठे सगळं माहीत होतं? वर्षभर नवरा भिंतीकडे तोंड करून झोपत होता. आधी थकवा होता, मग पाठदुखी, मग कारण सांगणंही बंद झालं. आणि परवा आंघोळ करून येताना त्याचा टॉवेल सरकला, तर मागून कंबर गुळगुळीत भादरलेली! स्वतःचा हात तिथवर पोचत नाही, म्हणजे भादरणारं कुणीतरी दुसरं होतं. ओव्हरटाइमच्या नावाखाली तो संध्याकाळी कुठे जात होता ते कळायला अजून काय हवं? एकदा डोळ्यांनी बघायचं आणि खरं निघालं तर बहिणीकडे निघून जायचं, असं तिने ठरवलं. बहिणीला तसं कळवूनही ठेवलं.

पुढच्या ओव्हरटाइमला दुकान जावेवर टाकून ती त्याच्या मागे निघाली. चष्म्याच्या दुकानाशेजारच्या इमारतीपाशी त्याने चोरासारखं मागेपुढे पाहिलं. इमारतीला लिफ्ट होती, पण लिफ्टचा माणूस जिन्याने गेला. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून, दुसरं काय! तीही मागोमाग जिना चढली.

वर एकच दार उघडं होतं. पडद्याआडून बाईचा आवाज आला, "अंग सैल सोडा. लाजायचं काय त्यात?"

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. पडदा तिने सर्रकन ओढला.

नवरा पालथा पडला होता. कमरेवर चिकटपट्ट्या, पट्ट्यांना वायरी, वायरी एका पेटीला जोडलेल्या. पांढऱ्या कोटातली, पिकल्या केसांची बाई हातात जेलची बाटली घेऊन उभी होती. लाँड्रीवालीने बाटली पाहिली आणि तिला डाग कळला.

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"बायको. काय झालंय ह्यांना?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "मला नाही जमायचं."

बाईंनी सरळ सांगितलं. ताठरता येत नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्यात, गोळ्या सोसल्या नाहीत. म्हणून इथे नसांना आणि स्नायूंना हलका करंट देतात.

"करंट? तिथल्या दुखण्याला?" लाँड्रीवालीने पेटीकडे सवतीकडे बघावं तसं पाहिलं. "गुण येतो का खरंच?"

"काहींना येतो. खात्री मी देत नाही. यावरचा अभ्यास अजून थोडाच आहे."

निदान ही बाई थापा मारत नव्हती. लाँड्रीवालीने मोर्चा नवऱ्याकडे वळवला. "मला का नाही सांगितलंत?"

"कळलं असतं तर तू गेली असतीस."

"अहो, कळलं नाही म्हणून निघाले होते!" तिचा आवाज चिरकला. "वर्षभर आरशात बघवत नव्हतं मला. वाटलं, मीच टाकाऊ झाले. दुखणं तुमचं आणि शिक्षा मला?"

त्याचे खांदे हलू लागले. बाईंनी बाटली ठेवली आणि त्या गुपचूप पडद्याबाहेर गेल्या.

"वाटलं, आधी बरा होईन, मग सांगेन," तो म्हणाला.

"आणि नाही झालात बरे तर?"

त्याने तोंड पुन्हा उशीत खुपसलं. ती पेटी काही करेल यावर तिचा काडीचा विश्वास बसला नव्हता. तरीही तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या डोक्याशी बसली.

"इकडे तोंड करा."

त्याने मान वळवली. डोळे ओले, गालावर उशीची घडी उमटलेली. इतक्या जवळून त्याला बघून वर्ष झालं होतं.

"घरीही असंच झोपायचं," ती म्हणाली. "बाकीचं जमो न जमो."