लाभ मोजायचा राहिला

"कुणाचा इश्वास बसायचा न्हाई, म्हणून आजवर तोंड उघडलं न्हाई," असं म्हणत आकारामआबांनी उंब्रजच्या मानसिंगच्या सलूनात बाकावर मांडी घातली. गोष्ट घडून आठवडाही झाला नव्हता आणि आबांची ती तीन ठिकाणी सांगून झाली होती, हे सोडून द्या.

गोष्ट त्यांच्या नातीची, रेश्माची. रेश्मा पुण्यात चिपा आखते. कोयनानगरच्या डोंगरात जमिनीची थरथर टिपणारी यंत्रं बसवायची होती, त्यातली चिप तिच्याकडे आली. थरथरीचा इवलासा विजेचा दाब आत जायचा आणि बाहेर आकडे पडायचे. आबांच्या म्हणण्याप्रमाणे चिप अशी तिखट कानाची, की कोयनेला मुंगीनं कूस बदलली तरी तिला कळावं.

"आन् मुंगीला ताप आला तर?" मानसिंगनं वस्तरा थांबवून विचारलं.

"डिग्रीसकट सांगती."

घोडं अडलं होतं ॲम्प्लिफायरवर. चिप सगळा दाब एकदम मोजत नाही. एक आकडा काढते, उरलेला दाब दुप्पट करते, त्यातून पुढचा आकडा काढते, पुन्हा उरलेला दुप्पट. हे दुप्पट करायचं काम ॲम्प्लिफायरचं. ते केसभर कमी पडलं तरी पुढचे सगळे आकडे बिघडतात. आणि अगदी बरोब्बर दुप्पट करायला लावलं, तर ते एवढी वीज खातं की वर्षभर चालायची बॅटरी पंधरा दिवसांत मान टाकते. सोमवारी वरिष्ठांसमोर आराखडा मांडायचा होता. नाही जमलं, तर रेश्माची दोन वर्षांची मेहनत बाजूला सारून दुसऱ्या गटाचा आराखडा घ्यायचं ठरलेलं.

शनिवारी पोरगी घरी आली ती लॅपटॉप उराशी धरूनच. ताटातली भाकरी तशीच वाळली.

बनुबाई, म्हणजे आबांची मालकीण, शेजाऱ्याला पोत्याचं तोंड धरायला लावून अंगणात शाळूची ज्वारी पोत्यांत भरत होती. "डोकं चालंना तर हात चालीव," म्हणत तिनं नातीच्या हातात कागद-पेन्सिल दिली. पायलीचं माप पोत्यात रितं झालं की रेश्मानं एक रेघ ओढायची, एवढंच काम.

"लाभ... दोन... तीन..." बनुबाई मापत गेली. रेश्मा रेघा ओढत गेली. कान अंगणात, डोकं पुण्यात. सहा पोती भरल्यावर बनुबाईनं विचारलं, "किती गं?"

"सगळ्यांत पंधरा-पंधरा."

"पंधरा? आगं, सोळा वतल्यात म्या येकेका पोत्यात! पयली रेघ कवा वडलीस?"

"तू दोन म्हणालीस तेव्हा."

"आन् लाभ?"

"ते तू देवाचं नाव घेऊन सुरुवात करत होतीस ना?"

बनुबाईनं कपाळाला हात लावला. पहिल्या मापाला आपल्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पण पुण्यातल्या शाळेत हे कोण शिकवणार? रेश्माचा चेहरा उतरला. तिकडेही चूक, इकडेही चूक. ती पोत्याची दोरी सोडायला वाकली. "परत मापू या, आज्जी. सगळं पहिल्यापासून."

आणि इथं आबा पुढं सरसावले. म्हणाले, "परत कशाला? दर पोत्याला येकच चुकलीयास न्हवं? ना कमी, ना जास्त? मग ऱ्हाऊ दे की चूक. शेवटाला दर पोत्यामागं येक मिळीव."

रेश्मा दोरीला हात लावून तशीच थांबली. मग मटकन ज्वारीतच बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली.

ॲम्प्लिफायरला सुधारायची गरजच नव्हती! कमी पडतंय? पडू दे. फक्त दर वेळी तेवढंच पडलं पाहिजे. अधूनमधून आपल्याला ठाऊक असलेला दाब आत सोडायचा, किती कमी भरतंय ते बघून ठेवायचं आणि आकडे बाहेर आले की आकड्यांतच तेवढं भरून काढायचं. त्या आकडेमोडीला वीज लागते नखभर. ही युक्ती तिनं पुस्तकात वाचलेली होती, परीक्षेत लिहिलेलीही होती. पण दोन वर्षं ॲम्प्लिफायरला वळण लावायच्या नादात ते अडाणी राहिलं तरी चालतं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

त्या दुपारी पोरीनं चार भाकरी खाल्ल्या. आबांच्या सांगण्यात त्या अकरा झाल्या.

सोमवारी तिचा फोन आला. "आबा, घेतला! माझाच आराखडा घेतला!" आबांनी टोपी काढून डोक्यावरचा घाम पुसला, तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला आणि आल्यागेल्याला चहा पाजला.

"वरचं सायेब म्हनलं, ह्यो इचार कुणाचा?" आबा सलूनात हात उंचावून सांगत होते. "पोरगी म्हनली, माज्या आज्याचा. आता दर चिपंवर माजं नाव कोरणार हायती. बारीक अक्षरात, खरं कोरणार!"

खुर्चीत दाढी करून घेत बसलेला आबांचा शेजारी लालासाहेब फेसासकट गर्रकन वळला.

"आबा, खोटं! पोत्याचं तोंड म्या धरलं हुतं. 'ऱ्हाऊ दे की चूक' म्हनली ती बनुकाकी, आन् तुमी तवा ओसरीवर घोरत पडला हुता!"