मान खाली, मान वर

बाईचा हात लागला म्हणून बुवा कोपला, असं आमच्या चुस्त गावात अजून चार जण म्हणतात. म्हणोत बापडे! बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार?

बुवा म्हणजे ताजिमत लोहाराचा यांत्रिक घण. महायुद्ध संपल्यावर कधीतरी रशियात ओतलेलं धूड. सामुदायिक शेती मोडली तेव्हा तिच्या कारखान्यातून ताजिमतनं ते ट्रॅक्टरला साखळी बांधून घरी ओढत आणलं होतं. आमच्याकडे आजोबांना बुवा म्हणतात, आणि त्या घणाचा स्वभाव अगदी आजोबांचाच. थंडीत लवकर उठायचा नाही, अंगात तेल मुरेपर्यंत कुरकुर करायचा, आणि एकदा सुरू झाला की शेजारच्या तीन घरांच्या भिंती हादरवायचा. पण त्याच्याखाली घडलेला केतमन, म्हणजे आमची रुंद पात्याची कुदळ, कोरड्या जमिनीत असा घुसायचा की शेतकरी नमनगानहून शोधत यायचे.

अशा घणाला माणसं दोन लागतात. एक सांडशीत लाल लोखंड धरतो, दुसरा दांडा दाबतो. दोन्ही मुलगे रशियात बांधकामावर निघून गेले, तेव्हा दांड्यावर ताजिमतची बायको इनोयत उभी राहिली. गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली. "पोळ्या लाटायच्या सोडून घण काय चालवतेस गं?" इनोयत म्हणायची, "पोळ्या तुम्ही पाठवा, मी घण चालवते." कुणी पाठवल्या नाहीत ते सोडा.

बुवा चालू असताना बोलणं म्हणजे बहिऱ्यापुढे गाणं. म्हणून सगळा कारभार मानेवर. ताजिमतची मान खाली गेली की घाव, मान वर झाली की थांबायचं. इनोयत त्याच्या हनुवटीवरून नजर काढायची नाही. नवऱ्याकडे इतकं टक लावून तिनं लग्नात पाहिलं नव्हतं, अशी ती स्वतःच चेष्टा करायची.

तो दिवस शरदातला. घण वर लटकून नुसता घुमत होता, आणि ताजिमत उजव्या हातातल्या फडक्यानं खालच्या ऐरणीवरची लोखंडाची खपली झाडत होता. त्याचं तोंड दाराकडे, इनोयतची दाराकडे पाठ. ताजिमतची मान खाली गेली. इनोयतनं दांडा दाबला.

किंकाळीनं ती मागे सरली, वळली. दारात तिचा थोरला दीर एगमबेर्दी उभा होता, छातीवर हात ठेवून, कमरेत जरा वाकलेला. सलाम करताना वाकतात तसा. तोंड उघडं ते उघडंच. त्या क्षणी तिला सगळं कळलं. दारातून सलाम आला आणि ताजिमतनं मान लववून तो घेतला. लहानपणापासूनची सवय, सलाम आला की मान आपोआपच लवते. आमच्यात सलाम परत न करणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं.

हात मनगटापासून गेला.

इस्पितळातून घरी आल्यावर जो तो इनोयतलाच विचारू लागला, कसं झालं. तिनं खरं ते सांगितलं. यांनी मान हलवली, मी घाव घातला. पण एगमबेर्दी चारचौघांत म्हणाला, "मी किंकाळी ऐकून धावत आलो. तोवर सलाम कसला नि कलाम कसला! आमच्या केलिनचं, या सुनेचं लक्ष नव्हतं." चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! भावजयीवर खापर फोडून गडी मोकळा. आणि ताजिमत? तो मूग गिळून बसला. तुतीच्या झाडाखालच्या खाटेवर बसायचा, डाव्या हातानं चहाची पियाली धरायचा आणि हौदाकडे बघत राहायचा.

इनोयत त्याला घास भरवायची, मनगटावरची पट्टी बदलायची आणि एकच मागायची. "अहो, एकदा बोला. मान हलवली होती एवढंच बोला. मला दुसरं काही नको."

तो बोलायचा नाही. तिला रडू यायचं, मग संताप यायचा, मग त्याच्या सदऱ्याच्या बाहीचं मोकळं टोक दिसलं की पुन्हा रडू यायचं.

हिवाळा सरता सरता एगमबेर्दी आला आणि म्हणाला, "रक्त प्यायलेली वस्तू घरात ठेवू नये. शुक्रवारी नमाजानंतर ट्रक आणतो. भंगारात देऊन टाकू." ताजिमतनं मान हलवली. हो, तेवढी बरी हलली!

इनोयतनं मनाशी हिशेब मांडला. बुवा गेला की कामही गेलं आणि आळ मात्र जन्मभर राहिला. अपशकुनी बाईनं नवऱ्याचा हात घेतला, घण भंगारात गेला, गोष्ट संपली. मग खरं काय ते विचारणार कोण?

शुक्रवारी तिनं भट्टी पेटवली. बुवाच्या अंगात तेल घातलं, मोटर सुरू केली. खाटेपाशी जाऊन म्हणाली, "चला, उठा. आज सांडशी मी धरते, दांडा तुम्ही दाबा. एक केतमन घडवू. ते ट्रक घेऊन आले की त्यांना दिसू दे, दोन डोकी नि तीन हात पुरतात."

"वेड लागलंय तुला."

"लागलंय. उठा."

तो उठला. का उठला ते त्यालाच ठाऊक, बहुतेक बुवाचा आवाज त्यालाही ओढत असावा. दाराकडे पाठ करून त्यानं डाव्या हातानं दांडा धरला. इनोयतनं लाल लोखंड ऐरणीवर ठेवलं आणि मान खाली केली. घाव बसला. पुन्हा मान, पुन्हा घाव. पातं पसरू लागलं. त्याच्या कपाळावर घाम आला, चेहऱ्यात थोडी धुगधुगी आली. तिला वाटलं, जमेल हे आपल्याला.

लोखंड काळवंडलं तसं तिनं ते पुन्हा भट्टीत सारलं आणि फडकं घेऊन ऐरणीवरची खपली झाडू लागली. बुवा वर लटकून घुमत होता. तेवढ्यात दारात एगमबेर्दी दिसला, खांद्यावर साखळी. मागे मोहल्ल्याचे वडीलधारे होलमिर्झा बाबा.

"अस्सलामु अलैकुम!" एगमबेर्दी आपल्या नेहमीच्या भसाड्या आवाजात ओरडला.

इनोयतनं मान ताठ ठेवली आणि हात झटकन मागे घेतला. ताजिमतनं मात्र वळून पाहिलं. उजवा हात, ज्याला पंजा नव्हताच, तो छातीवर गेला. बाहीचं मोकळं टोक छातीवर लोंबलं. मान लवली, अंग लवलं, आणि डाव्या हाताखालचा दांडा त्याच्या भारानं दाबला गेला.

बुवा रिकाम्या ऐरणीवर असा आदळला की छपराची माती खाली आली. जिथं घाव पडला तिथं नुकताच इनोयतचा हात होता.

तिनं मोटर बंद केली. होलमिर्झा बाबांनी आधी त्या बाहीकडे पाहिलं, मग साखळीवाल्याकडे. "असं झालं होतं तर," ते म्हणाले. एगमबेर्दीनं खांद्यावरची साखळी खाली ठेवली.

"मान मीच हलवली होती," ताजिमत म्हणाला. "थोरला अका दारात होता. त्यानं सलाम केला, मी घेतला."

महिनोन् महिने इनोयत याच वाक्यासाठी झुरत होती. आता ते आलं, तर तिला त्याचं काही वाटेना.

"हे आधी का नाही बोललात?"

"गावानं अकाला काय म्हटलं असतं? भावाचा हात घालवला म्हणून त्याला बाजारात तोंड दाखवता आलं नसतं. तू काय, तू तर माझीच."

"तुमचीच," इनोयत म्हणाली. "तो हातही तुमचाच होता."

साखळी तशीच ट्रकमध्ये परत गेली. बुवा राहिला. एगमबेर्दी सणासुदीला येतो, खाली मान घालून चहा पितो नि जातो. दांड्याला इनोयतनं लोखंडी पट्टी जोडून घेतली आहे. ती पायानं दाबते आणि एकटीच केतमन घडवते, ताजिमत घडवायचा तितके चांगले नाहीत, पण विकले जातात. दांड्यावर येऊ का, असं तो सुरुवातीला विचारायचा. ती नको म्हणायची.

आता तो तुतीखाली बसतो. कुणी दारात आलं की ती काम करता करता मान वर करत नाही. दोघांच्या वाटचा सलाम तोच घेतो.