न प्यायलेलं पाणी

एप्रिल लागला की झाशीत सकाळी दहालाच झळा नाचू लागतात. अशा उन्हाळ्यात, प्रेम नगर भागातल्या एका शाळेत नव्यानं चौथीचा वर्ग मिळालेल्या निवेदिताला एक विचित्र गोष्ट दिसली. शाळा सुटताना मुलींच्या बाटल्या काठोकाठ भरलेल्या. मुलांच्या मधल्या सुट्टीतच रिकाम्या. मुलींचे ओठ फुटलेले, पण पाण्याला कुणी तोंड लावलेलं नाही.

“पानी क्यों नहीं पिया, बेटा?”

“प्यास नहीं लगती, मैम.”

दुसरीनं तेच सांगितलं. तिसरीचेही तेच शब्द, तोच सपाट सूर. निवेदिताच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती व्हरांड्याच्या टोकाला, मुलींच्या बाथरूमकडे गेली. बाहेर मैदानात गलका होता, इथं चिटपाखरू नाही. फरशी खडखडीत कोरडी. तिन्ही दारांच्या आतल्या कड्या काढलेल्या, लाकडात नुसती स्क्रूची भोकं. समोर स्टोअर रूम. तिचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत एक खुर्ची मांडलेली, बाथरूमकडे तोंड करून.

“कुछ चाहिए, मैम?”

ती दचकून वळली. हातभर अंतरावर स्टोअर सांभाळणारा दामोदर उभा होता, शाळा चालवणाऱ्या मॅनेजरचा मेहुणा. त्याची पावलं तिला ऐकूच आली नव्हती.

वर्गात मराठी घरातली एकच मुलगी होती, रेल्वेतल्या कारकुनाची मुग्धा. शेवटच्या तासाला निवेदितानं वही तपासण्याच्या निमित्तानं तिला टेबलाशी बोलावलं. तेवढ्यात दामोदर खडू द्यायला आला आणि दारातच रेंगाळला. निवेदितानं वहीवरून मान न उचलता मराठीत विचारलं, “मुग्धा, तहान लागते ना गं?”

घरची भाषा ऐकून पोरीचे डोळे विस्फारले. तिनं दाराकडे पाहिलं नाही.

“लागते,” ती पुटपुटली. “पण पाणी पिलं की तिकडे जावं लागते. तो आत येतो. बोलला, किसीको सांगितली तर मम्मी मरेल.”

“अपनी भाषा में गपशप?” दामोदर दारातून हसला. “बढ़िया है.”

निवेदितानं वहीवर बरोबरची खूण केली.

शाळा सुटताच तिनं प्राचार्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी खोलीचं दार लावून घेतलं. “मैनेजर साहब के घर का मामला है. पहले कमेटी में रखेंगे.”

“बच्चों वाले पॉक्सो कानून में कमेटी का इंतज़ार नहीं लिखा, मैडम. जिसे पता चला, उसे पुलिस को बताना है. न बताना भी जुर्म है.”

“अपनी नौकरी का सोच लीजिए.”

घरी सगळं ऐकून नवरा, मिलिंद, म्हणाला, “तुला खात्री आहे?”

“खात्री करणं पोलिसांचं काम. कळवणं माझं.”

त्यानं स्कूटरची किल्ली उचलली. आधी ते मुग्धाच्या आईकडे गेले, मग तिला घेऊन पोलीस ठाण्यात.

दुसऱ्या दिवशी साध्या सलवार-कुर्त्यातली एक महिला पोलीस अधिकारी मुग्धाच्या घरी आली. आईच्या कुशीत बसून मुग्धा बोलली, अडखळत, अर्धं हिंदीत. तिच्यामागून आणखी पाच मुली बोलल्या. दामोदरला अटक झाली. प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये एका पालकाचं मागच्या वर्षीचं तक्रारीचं पत्र सापडलं आणि माहिती दडवल्याचा गुन्हा त्यांच्यावरही नोंदला गेला.

स्टाफरूममध्ये निवेदिताशी कुणी बोलेना. ती आली की गप्पा थांबत. आठवड्यानं जुन्या शिक्षिका अंबिकाजी तिच्याजवळ येऊन बसल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“दो साल पहले मेरी क्लास की एक बच्ची छुट्टी के बाद दरवाज़े पर आकर खड़ी हो गई थी. कुछ कहना था उसे. मैंने कहा, कल आना.” त्यांनी रिकाम्या दाराकडे पाहिलं. “अगले दिन स्कूल से नाम कट गया. अपने गाँव टहरौली चली गई. लेकिन मुझे तो वो रोज़ दिखती है, निवेदिता. अभी भी वहीं खड़ी है.”

निवेदितानंही नकळत दाराकडे पाहिलं. मग पर्स खांद्याला लावून ती उठली.

“टहरौली की बस कितने बजे है, अंबिकाजी?”