ओट्याची कड

नव्या स्वयंपाकघरासाठी ओट्याचा दगड पसंत करायला माई सुनेबरोबर निघाल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन पुड्या होत्या. एकीत तांदूळ, दुसरीत मिरे. सुनेनं विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्या माहेरी ओटा असाच पारखून घ्यायचे." माईंच्या माहेरी ओटा नव्हताच, चूल जमिनीवर होती. पण माहेरच्या गोष्टींची शहानिशा करायला कोण जातंय? बेचाळीस वर्षांच्या संसारात माईंनी माहेराच्या नावावर बरंच काही खपवलं होतं.

खरी गोष्ट अशी की वर्षभरापासून माईंना कमी दिसू लागलं होतं. अगदीच दिसत नव्हतं असं नाही. पण चकचकीत काही समोर आलं की डोळ्यांपुढे नुसता उजेड पसरायचा, आणि काळ्यावर काळी वस्तू ठेवली की ती गडप व्हायची. जुन्या काळ्या ओट्यावर काळ्या मुठीची सुरी त्या हातानं चाचपून शोधत होत्या. हे त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं, कारण पुढे काय होणार ते त्यांनी पाहिलेलं होतं. थोरल्या बहिणीला असंच दिसेनासं झालं, तेव्हा घरच्यांनी मायेनं "आता तुम्ही आराम करा" म्हटलं आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून दिली. बिचारी त्या खुर्चीत बसून कुकरच्या शिट्ट्या मोजायची. माईंना तसला आराम नको होता. त्यांना स्वयंपाकघर हवं होतं, आणि तेवढ्यासाठी त्या वाटेल त्या थापा मारायला तयार होत्या.

अडचण होती ती लेकाची. मित्राच्या घरी काळाभोर, आरशासारखा ग्रॅनाइट पाहून आल्यापासून "त्यात तोंड दिसतं" हे त्याचं पालुपद सुरू होतं. "तोंड बघायला बेसिनवर आरसा आहे," असं माईंनी सुनावलंही होतं. पण लेक बापाच्या वळणावर गेलेला, एकदा म्हटलं की म्हटलं. आज मात्र तो कामावर गेला होता आणि निवड सुनेवर सोपवून गेला होता. माईंची सगळी भिस्त आता त्या दोन पुड्यांवर होती.

दुकानदार बोलघेवडा निघाला. दारापासूनच त्यानं काळ्या दगडाचं कौतुक सुरू केलं, आणि बोलता बोलताच सुनेच्या मापानं ओट्याची उंची वहीत लिहून घेतली. "हा बघा मावशी, राजा माल आहे. डाग पडणार नाही, काही नाही." असं म्हणत त्यानं एका आडव्या लादीवर मगभर पाणी ओतलं, ते कसं वरच्या वर राहतं ते दाखवलं, आणि सुनेला पलीकडची लादी दाखवायला वळला.

माईंना पुड्या काढायच्या होत्या. पिशवी टेकवायला समोर काळी, मोकळी, लखलखीत लादी होती. त्यांनी पिशवी अलगद तिच्यावर ठेवली. थेट पाण्यात.

"अहो मावशी, पाणी आहे तिथं," दुकानदार म्हणाला.

"दिसलं मला," माई म्हणाल्या. "पिशवी धुवायचीच होती."

दुकानदार हसला. सून हसली नाही. ती माईंकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली, मग तिनं रुमाल काढून पिशवी कोरडी केली.

पुड्या वरच्या कप्प्यात होत्या म्हणून वाचल्या. माईंनी चिमूट चिमूट तांदूळ आणि मिरे एकत्र करून एकेका नमुन्यावर टाकायला सुरुवात केली. काळ्यावर तांदूळ उठून दिसले, मिरे बुडाले. पांढऱ्यावर उलटं झालं. ठिपक्याठिपक्यांच्या दगडावर तर दोन्ही हरवले. शेवटी कोपऱ्यात एक मातकट रंगाचा, चमक नसलेला तुकडा सापडला. त्यावर दाणा न् दाणा दिसत होता. माईंचा जीव भांड्यात पडला.

"हा घ्यायचा," त्या म्हणाल्या.

"मावशी, हा मॅट आहे. चकाकी नाही याला."

"चकाकी भांड्यांना असते. ओट्याला कशाला हवी?"

आता सून काय म्हणते, याकडे माईंचे कान लागले. काळ्याचं नाव निघालं तर लेकापुढे त्यांचं काही चालणार नव्हतं. पण सून म्हणाली, "हाच द्या. घरी मी बघून घेईन. आणि पुढच्या कडेला गडद पट्टी बसवून मिळेल का? दोन बोटं रुंद."

"मिळेल, पण शोभणार नाही," दुकानदार म्हणाला.

"न शोभू दे. मला कड कळत नाही हो. परवाच दुधाचं पातेलं कडेवर ठेवलं आणि सगळं खाली."

परवाचं पातेलं माईंच्या हातून पडलं होतं. सून तेव्हा अंघोळीला गेली होती, आणि ती बाहेर यायच्या आत त्यांनी फरशी लख्ख पुसून घेतली होती.

"या वयात डोळे गेले तुमचे?" दुकानदारानं विचारलं.

"माहेरकडून आलंय," सून शांतपणे म्हणाली.

माईंना हसू आलं. आपल्या थापा आपण एकटीनं मारल्या, तोवर ठीक होतं. आपल्यासाठी या पोरीनं परक्या माणसापुढे स्वतःला आंधळं म्हणवून घ्यावं, हे त्यांना सहन होईना.

"तिचे डोळे चांगले शाबूत आहेत," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "पट्टी मला हवी आहे. कमी मला दिसतं."

आता ते आरामाचे शब्द येणार, मायेनंच येणार, म्हणून त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या.

"शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय आपल्याला, मी नंबर लावलाय," सून म्हणाली. मग ती दुकानदाराकडे वळली. "आणि तुम्ही ओट्याची उंची माझ्या मापानं लिहिलीत, ती खोडा. यांच्या मापानं करा. मला वाकता येतं."

दुकानदारानं टेप काढला आणि माईंना जरा ताठ उभं राहायला सांगितलं.