मागच्या शॉकअपची जोडी

उचगावच्या गणपतरावांना एक खोड होती. माणूस तसा मनानं सरळ, पण दुकानाची पायरी चढला की पहिलं वाक्य खोटं! गरज दाखवली की दुकानदार डोक्यावर बसतो, हे त्यांचं पक्कं मत.

त्यांची मारुती वीस वर्षांची. मागचे शॉकअप पार गेलेले, साधा खड्डा आला तरी कंबरडं मोडायचं. आणि उद्या रविवारी लेकीला, क्रांतीला, चंदगडहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. सातवा महिना. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, धक्के बसता कामा नयेत. लेकीचा हट्ट मात्र, "आबा, आपल्याच गाडीतनं येणार." नवे शॉकअप यायला आठ दिवस लागणार होते. मग गणपतरावांनी जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या शिवपुत्रचं दुकान गाठलं.

"काय पावणं, गाडी घरचीच न्हवं?" शिवपुत्रनं विचारलं.

"हाय घरचीच, पर विकायची हाय. चार दिवस चालली तरी बास की! घाला कसली बी जोडी."

शिवपुत्रनं काळा रंग मारलेली चकचकीत जोडी काढली. गणपतराव खूश! एक शॉकअप बसलासुद्धा. तेवढ्यात शिवपुत्रची बायको मल्लव्वा चहा घेऊन आली आणि मागच्या सीटकडं बघत राहिली. तिथं नवी गोधडी अंथरलेली, वर दोन उशा.

"विकायच्या गाडीत एवढी बिछायत कशाला वो अण्णा?"

गणपतराव काहीतरी ठोकून देणार होते. पण चंदगडची वळणं डोळ्यांपुढं आली आणि जीभच वळेना. "लेकीला आणायचंय, अक्का. पोटुशी हाय."

शिवपुत्रनं पाना खाली आपटला. "अवो, माणूस हायसा का कोण! ह्यातलं तेल कवाच गळालंय, म्हणून तर पुसून रंग मारलाय. तुम्ही चार दिवसाचं मागितलं, मी चार दिवसाचं दिलं!"

बसवलेला शॉकअप त्यानं पुन्हा उतरवला आणि तणतणत दुकानामागं गेला. अर्ध्या तासानं धुळीनं माखलेली जोडी घेऊन आला. "दाबा." दांडा दाबायला जड, ओढायलाही तेवढाच जड. "धूळ कोरडी हाय बघा. थेंब गळत न्हाय." पैसे मात्र त्या रंगवलेल्या जोडीचेच घेतले.

रविवारी क्रांती गोधडीवर आडवी झाली ती गडहिंग्लज मागं पडलं तरी उठली नाही. उठली तेव्हा म्हणाली, "आबा, रस्ता नवा केला व्हय?"

गणपतरावांनी गाडी घराऐवजी आधी दुकानाकडं घेतली. काजूची पिशवी द्यायची होती. मल्लव्वानं क्रांतीला हाताला धरून उतरवलं आणि ओटी भरायला नारळ-तांदूळ आणायला आत पळाली. शिवपुत्र मागं होता म्हणून गणपतराव मागं गेले, तर तिथं तसलीच एक मारुती उभी. धुऊन पुसून ठेवलेली, पुढं काचेपाशी कालचं जास्वंद. मागची चाकं काढलेली, बुडाखाली विटा.

"ही... तुमची?"

"व्हय. मिळंल की एखादी जोडी. मला कुठं घाट चढायचाय!" शिवपुत्रनं हात पुसले. "शॉकअप कसं हायत?"

दुकानदारापुढं मालाची तारीफ गणपतरावांनी जन्मात केली नव्हती. त्यांनी दोन्ही हात जोडले. डोळे भरले होते, ते पुसलेही नाहीत.

"पोरगी झोपून आली वो," ते म्हणाले. "सगळ्या वाटंनं झोपून आली."