काड्यांवरचे पट्टे

पहिली थप्पड त्याने लॅबच्या पायरीवरच मारली. कारण काय, तर बायको हळू चालत होती. मागून येणाऱ्या त्याच्या म्हाताऱ्या आईने आवाज ऐकला आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सगळा जन्म शिलाई मशीनवर वाकून गेलेला. मान खाली घालायला तिला वेगळं शिकावं लागत नव्हतं.

"आज लागेल सोक्षमोक्ष," तिचा मुलगा म्हणाला. "खोट हिच्यातच निघणार. निघाली की हिची बॅग हिच्या भावाच्या दारात."

सुनेच्या ओठावरची खपली पुन्हा फुटली होती. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात मूल गेलं. म्हणून डॉक्टरांनी नवराबायको दोघांचं रक्त तपासायला लावलं होतं. नवऱ्याचं गॅरेज होतं. सुई टोचून घेताना नर्सवर गुरकावला होता, "माझं कशाला? माझं इंजिन ठणठणीत आहे!"

आत डॉक्टरबाईंनी दोन मोठे फोटो टेबलावर ठेवले. दोन्हींत बारीक काड्या, जोडीजोडीने मांडलेल्या. प्रत्येक काडीवर आडवे पट्टे, गडद आणि फिके.

"ही गुणसूत्रं. रक्तातली पेशी फुगवून काचेवर फोडली की बाहेर पसरतात."

"पट्टे कसले गं बाई त्यांच्यावर?" म्हातारीने विचारलं.

"नुसता रंग दिला तर काड्या एकसारख्याच दिसतात, आजी. म्हणून आधी पाचक रसात जराशा बुडवायच्या, मग रंग द्यायचा. जास्त बुडवल्या तर पार विरून जातात, कमी बुडवल्या तर पट्टे उठत नाहीत. जमलं, की प्रत्येकीचे पट्टे आपापल्या जागी दिसतात. एखादा तुकडा उलटा बसला, दुसरीला जाऊन चिकटला, तर तिथेच सापडतो."

म्हातारी फोटोवर वाकली. पट्ट्यांच्या कापडाची शिवण जुळवता जुळवता तिचे डोळे अधू झाले होते. गडद, फिका, गडद. जोडीला जोडी बरोबर बसत होती.

मुलाने तिला कोपराने बाजूला ढकललं आणि जवळच्या फोटोवर बोट आपटलं. "ही बघा! शेवटची जोडी! एक केवढी, दुसरी केवढी. लंगडी आहे. सांगत नव्हतो मी? हिच्यातच खोट!"

"तो फोटो तुमचा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुरुषाची शेवटची जोडी अशीच असते. तुमच्यात काही दोष नाही. यांच्यातही नाही."

सुनेला हसू फुटलं. फुटक्या ओठातून, दाबता दाबता, फस्सकन.

त्याने तिचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. दात फोटोवर पडला. डॉक्टरबाई मध्ये आल्या, त्यांना झिडकारून त्याने भिंतीवर फेकलं. काचपट्ट्यांचा ट्रे खळ्ळकन फुटला. सून खाली कोसळली आणि त्याने पाय उचलला.

लाथ बसायच्या आधीच सुनेने गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही हातांनी पोट झाकलं. सरावाने. मूल गेलं त्या दोन्ही वेळा मुलगा स्वयंपाकघरातून येऊन म्हणाला होता, घसरली. दोन्ही वेळा बाहेर म्हातारीची शिलाई मशीन धडधडत होती. इथे मशीन नव्हती. लाथेचा आवाज स्पष्ट आला. एक. मग दुसरी.

म्हातारीने लोखंडी स्टूल दोन्ही हातांनी उचललं आणि मुलाच्या पाठीत घातलं.

तो वळला. "तू? माझ्यावर?" त्याने आईच्या थोबाडीत दिली. ती काचांवर पडली, तळवे रक्ताने भरले. पण तेवढ्यात डॉक्टरबाईंनी सुनेला बखोटीला धरून बाहेर ओढलं होतं. म्हातारी रांगत उंबऱ्याबाहेर आली, उठली, दार ओढून घेऊ लागली. आतून त्याने धडक दिली. दार आणि चौकटीमध्ये तिची डाव्या हाताची बोटं सापडली. कडकन आवाज झाला. तिने दार सोडलं नाही. उजव्या हाताने ते ओढून धरलं, बोटं उपटून काढली आणि कडी सरकवली.

"आई! उघड! अगं, मी तुझा पोरगा आहे!"

"ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली आणि दाराला पाठ लावून बसली. प्रत्येक लाथेला तिचं डोकं फळीवर आदळत होतं.

डॉक्टरबाईंनी फोन लावला. सुनेच्या तोंडातलं रक्त पुसता पुसता त्यांनी विचारलं, "आजी, हा पोटात असा आधीही मारायचा?"

सुनेने सासूकडे पाहिलं. डोळ्यांत आशा अशी नव्हतीच. आता ही काय बोलते, एवढंच.

"दोनदा," म्हातारी म्हणाली. "दोन्ही वेळा पोट पाच महिन्यांचं होतं. मुलं जाण्याचं कारण काचेवर काय शोधता, बाई? ते आत दार बडवतंय. पोलिस येऊ देत, मी सांगते. तोवर इथून हलत नाही."

सून सरपटत आली आणि सासूशेजारी दाराला पाठ लावून बसली.