अल अरिशहून परतायचा नंबर

टीव्हीवर अल अरिशचा विमानतळ दाखवला आणि चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. गाझासाठी मदत घेऊन विमानं उतरत होती. सून रुचिराने रिमोट उचलला तर मी खेकसलो, "हात लावशील तर बघ!"

त्या धावपट्टीवर मी पहारा दिलाय. इजिप्तचा लष्करी तळ तो. आधी इंग्रजांची विमानं होती, मग इजिप्तची. इस्रायलने दोनदा हिसकावला, दोन्ही वेळा इजिप्तला परत मिळाला. त्या दोन लढायांच्या मधल्या काळात संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत आम्ही भारतीय जवान होतो. मी वडप्याचा, रघू जवळच्याच पडघ्याचा. चहूकडे नुसती वाळू, बोलायला आम्ही दोघंच. घरात हे काढलं की सगळे मोबाईलमध्ये डोकं घालतात. ऐकतंय कोण!

सदुसष्ट साली घरी परतायचा नंबर रघूचा होता. तेवढ्यात माझी आई आजारी असल्याची तार आली. रघूने 'स्वखुशीने थांबतो' असा अर्ज लिहून दिला आणि त्याच्या जागी मला पाठवलं. जूनमध्ये लढाई पेटली, त्यात तो गेला. हे मी कुणालाच सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार?

त्याची बायको तुळजावैनी पडघ्याला एकटी राहते. दर पितृपक्षात ती मला रघूचा पितर म्हणून जेवायला बोलावते. पाटावर बसलेल्याला वाढलं की गेलेल्याला पोचतं, असं आमच्याकडे मानतात. इतकी वर्षं मी त्याच्या नावाचं जेवतोय. काय निर्लज्ज माणूस मी!

तो तळ टीव्हीवर पाहिल्यावर परवा तिच्याकडे जेवायला गेलो. तिने वड्या, खीर वाढली, पण मी पानाला हात लावला नाही. सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी ठेवूनच गेलो होतो.

वैनी म्हणाली, "पलटनीचा कागद आला व्हता, त्यात लिवलेलं, सोताच्या खुशीनं थांबले म्हनून. नवं लगीन आमचं. मला वाटलं, मी आवडलीच न्हाय त्यांना."

"वैनी, माझं चुकलं."

"दरसाल तुमाला वाढलं भावजी. त्यांना मनापासनं कदी वाढलंच न्हाय. उठा. आज त्यांना बसू द्या."

मी उठून दाराशी उभा राहिलो. वैनी रिकाम्या पाटासमोर बसली, पदराने तोंड पुसलं.

"अवो, जेवा," ती म्हणाली. "मला काय म्हाईत व्हतं?"